कमी पैशांत सह्याद्रीत मुक्कामी भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीला काय काय विकत घ्यावं लागतं?

नीट पारखून पैसे मोजायचे ते दोनच गोष्टींवर: बूट आणि डोक्याला लावायचा टॉर्च. बाकीचं सामान घरात, शेतात नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. साधारण हिशेब असा: बूट ८०० ते १५०० रुपये, टॉर्च ३०० ते ६००, ताडपत्री ४०० ते ७००, नायलॉनची दोरी शंभर-दीडशे, फोमची चटई ३०० ते ५००. भाव गावोगावी बदलतात. पातेलं, ताटली, चादर, मच्छरदाणी, सुई-दोरा घरातूनच न्यायचं. कॉलेजची जुनी सॅक चालते, फक्त खांद्याच्या पट्ट्यांची शिवण चांभाराकडून दुहेरी करून घ्या. भरलेल्या सॅकची तीच शिवण आधी उसवते.

पाणी धरून पाठीवरचं ओझं आठ किलोंच्या आत ठेवा. चढताना ‘असू दे, लागेल’ म्हणून भरलेली प्रत्येक वस्तू आठवते.

स्वस्तातले बूट टिकतात का?

महाराष्ट्रातले बरेच ट्रेकर वर्षानुवर्षं अ‍ॅक्शन कंपनीच्या ट्रेकिंग बुटांवर फिरत आले आहेत, ते उगाच नाही. आपल्या डोंगरात घसरण्याचे प्रकार तीन: उन्हाळ्यातला मुरमाड घसारा, ओला काळा कातळ आणि शेवाळ. घसाऱ्यावर तळाची खोल नक्षी कामी येते, कातळावर रबराचा मऊपणा. जाड फोमचा धावण्याचा बूट दोन्हीकडे फसतो. शेवाळावर मात्र कुठलाच बूट धरत नाही; तिथे पाऊल आडवं टाकायचं आणि हात मोकळे ठेवायचे.

माप संध्याकाळी, जाड मोजा घालून घ्या. पुढे अर्धा इंच जागा हवी, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. बूट वर्षभर कपाटात पडून असतील तर निघायच्या आदल्या दिवशी तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. पॉलियुरेथेनचे तळवे नुसते ठेवूनही आतून भुसभुशीत होतात आणि नेमके डोंगरात सुटतात. त्यावर इलाज म्हणजे जुन्या सायकलच्या ट्यूबचे कापलेले चार-पाच रुंद पट्टे. सुटलेल्या तळव्यावर दोन पट्टे चढवले की गाव गाठता येतं. एरवी हेच पट्टे चादर गुंडाळायला, काठ्या जोडायला उपयोगी पडतात.

तंबू नाही. ताडपत्रीवर भागेल?

भागतं, आणि वारा खेळता राहत असल्यामुळे सकाळी आतून घाम सुटल्यासारखं ओलंही होत नाही. ९ × १२ फुटांची, ९० ते १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) ताडपत्री घ्या. वजन साधारण ९०० ग्रॅम ते १.२ किलो भरतं. दुकानदार २०० जीएसएमची जाड ताडपत्री पुढे करेल, पण ती दोन किलोंची असते आणि ट्रकवर टाकायला ठीक.

दोन झाडांमध्ये किंवा कंबरेएवढ्या दोन काठ्यांवर ६ मिलिमीटरची दोरी तीन फूट उंचीवर ताणा आणि ताडपत्री १२ फुटांच्या लांबीत तिच्यावर मधोमध टाका. दोन्ही बाजू जमिनीपर्यंत ओढल्या की आत साडेसहा फुटांहून थोडी जास्त रुंदी मिळते. तीन माणसं आरामात झोपतात आणि दोन्ही तोंडांशी दोन-दोन फूट जागा पावसाच्या फवाऱ्यासाठी सोडता येते. उंची वाढवली की हवेशीर वाटतं, पण रुंदी घटते आणि वारा आत शिरतो.

दोरी ताणायला टेम्पोवाले सामान आवळतात तीच गाठ वापरा. दोरीच्या मध्यावर एक फास करायचा, टोक झाडाला वळसा घालून त्या फासातून परत आणायचं, ओढून ताणायचं आणि दोन अर्ध्या गाठी मारायच्या. साध्या गाठीने बांधलेली दोरी रात्रीच्या दमटपणात सैल होते, मग पोट सुटलेल्या ताडपत्रीत पाणी साचतं.

नेहमी फसतं ते हे:

- कडेच्या पितळी कड्या वाऱ्यात फाटून निघतात. कोपऱ्यापासून चार बोटं आत सुपारीएवढा गोल खडा ताडपत्रीत धरा, बाहेरून दोरीने आवळा आणि ताण त्या गाठीवर द्या. हे बांधकाम कडीपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतं.
- पावसाचं पाणी दोरीवरून ओघळत थेट आत येतं. ताडपत्रीच्या तोंडाबाहेर वीतभर अंतरावर दोरीला चिंधी बांधा; पाणी तिथेच गळून पडतं.
- कातळावर खुंटी शिरत नाही. वीतभर काठीला मधोमध दोरी बांधा, काठी आडवी ठेवा आणि तिच्यापुढे, ताडपत्रीच्या बाजूला, दगड रचा. ताण आला की काठी दगडांवर आणखी दाबली जाते. किल्ल्याच्या तटाचे किंवा जोत्याचे दगड यासाठी काढायचे नाहीत. तो गुन्हा आहे आणि नुसता कागदावरचा नाही.

पावसाळ्यात उघडी बाजू नैर्ऋत्येला ठेवू नका. जागा सपाटापेक्षा किंचित उताराची बरी, डोकं चढाकडे.

थंडीसाठी महागडी स्लीपिंग बॅग लागतेच का?

डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तरी थंडी वाजते ती बहुतेक खालून, अंगाखालच्या दगडाने शोषून घेतलेल्या उबेमुळे. म्हणून अंगावर तिसरी चादर घेण्याआधी खाली दुसरी चटई घाला. पायथ्याच्या गावात मुक्काम असेल तर भाताचा पेंढा मागून घ्या. वीतभर जाडीच्या पेंढ्यावर फोमची चटई टाकली की हाडं शाबूत राहतात.

धनगरी घोंगडी उत्तम, फक्त जड. थोडी ओली झाली तरी ऊब देते आणि ठिणगी पडली तर गोधडीसारखी पेट घेत नाही. लांबच्या चढाईला ती नेऊ नका. त्याऐवजी पातळ ब्लँकेट, आत दोन बाजूंनी शिवलेली सुती चादर, कोरडे मोजे आणि कानटोपी. घामेजलेला टी-शर्ट अंगात ठेवून झोपणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

जंगलात शेकोटी पेटवली तर चालते?

राखीव जंगलात नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० खाली कारवाई होऊ शकते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे तिन्ही एकाच अभयारण्यात येतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. फेब्रुवारीपासून गवत वाळलेलं असतं. एका ठिणगीने अख्खा डोंगर काळा होतो आणि पायथ्याच्या गावाचा चारा जातो.

म्हणून आगीचे सगळे प्रयोग स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून करा. खाली मोकळी माती, भोवती दोन मीटर साफ जागा, हाताशी बादलीभर पाणी. विझवताना नुसती माती टाकू नका, खाली निखारे तासन् तास जगतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, हात लावून बघा.

ओढ्यातले ओले दगड चुलीला लावू नका, आतल्या वाफेने तडकून उडतात. बंद पेरांचा बांबू तसाच फुटतो, तो चिरूनच जाळा. कण्हेर, शेर आणि बिब्ब्याचं लाकूड सरपणात नको. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो.

काडेपेटीशिवाय आग पेटवायला शिकायचंय. महागडा फायर-रॉड घ्यावा का?

गरज नाही. चकमकीची जुनी रीत शिका: गारगोटी, पोलाद आणि जळकं सुती कापड. आपल्या काळ्या खडकाच्या पोटात गारगोटीचे प्रकार हवे तेवढे सापडतात. पोलाद म्हणून भंगारातली जुनी कानस घ्या आणि एक कड दगडावर घासून तिचे दात घालवा. स्टेनलेस स्टीलच्या चमच्याने किंवा सुऱ्याने ठिणगी पडत नाही. जास्त कार्बनचं, कडक पाणी दिलेलं पोलादच लागतं.

खरं काम जळक्या कापडाचं. जुन्या धोतराचे किंवा बनियनचे शंभर टक्के सुती, दोन इंची तुकडे करा. पॉलिस्टरची भेसळ असेल तर ते वितळून गोळा होतं. तुकडे बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या, स्वच्छ पुसलेल्या डबीत सैलसर भरा, झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा आणि डबी निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून पांढरा धूर येतो, कधी तो धूर भोकाच्या तोंडाशी पेटतोही. पाच-दहा मिनिटांत धूर थांबला की डबी काढा, भोक काडीने बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. घाई केली तर हवा लागून सगळं कापड तिथेच धुमसून जातं. जमलेलं कापड काळंभोर असतं आणि हलकेच ओढलं तरी फाटतं. तपकिरी राहिलं तर अजून भाजा. राखाडी राख झाली तर डबीत हवा शिरली.

आता गारगोटीची धारदार कड वर येईल अशी ती धरा, तिच्यावर अंगठ्याने कापडाचा तुकडा कडेला टेकवून ठेवा आणि कानशीची कड वरून खाली तिरकी ओढत मारा. ठोकायचं नाही, दगडाने पोलादाची कीस काढायची. ठिणगी कापडावर पडली की टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसतो आणि हळूहळू पसरतो. ते कापड कुस्करलेल्या नारळाच्या काथ्याच्या घरट्यात ठेवा, मूठ सैल बंद करा आणि खालून लांब, सावकाश फुंका. धूर दाट पिवळसर झाला की दोन फुंकरांत जाळ येतो. काथ्या दमट असेल तर धूर येत राहतो आणि जाळ काही होत नाही. म्हणून तो दोन दिवस उन्हात ठेवा.

हे सगळं हौसेखातर. प्रत्यक्ष भटकंतीला मेणकागदात गुंडाळलेली काडेपेटी आणि हवाबंद डबीत देवघरातला कापूर न्या. भर पावसात ओलसर काटक्या पेटवायला कापराच्या दोन वड्यांइतकं स्वस्त काही नाही.

रेल्वेतून गॅसचा छोटा स्टोव्ह नेता येतो का?

नाही. गॅसची नळकांडी, रॉकेल, स्पिरिट सगळ्यालाच मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कसाऱ्याची लोकल असो की एक्स्प्रेस, नियम तोच. एसटीतही ज्वालाग्राही सामान नेऊ नका.

परवानगीच्या जागेसाठी डब्याची चूल बनवा. दूध पावडरचा एक किलोचा टिनाचा डबा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, तापला की विषारी वाफा सोडतो. तळापासून एक इंचावर खिळ्याने आठ-दहा भोकं पाडा. त्यांच्या वर एका बाजूला दोन इंच रुंदीची खिडकी कापा, तिथून बोटाएवढ्या काटक्या सरकवायच्या. पातेलं थेट तोंडावर ठेवलं तर चूल गुदमरते, म्हणून वर सायकलच्या स्पोकचे तुकडे आडवे घालून अर्धा इंच फट ठेवा. पहिल्यांदा रिकामी पेटवून बाहेरचा रंग जाळून टाका, तेवढा वेळ वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. वाळक्या काटक्या असतील तर अर्धा लिटर पाण्याला दहाएक मिनिटांत उकळी येते. पातेल्याला बाहेरून मातीचा पातळ लेप दिला की काजळी घासत बसावं लागत नाही.

कोयता न्यावा का?

गावातल्या माणसाच्या कंबरेला आकडीत कोयती शोभते, शहरातून निघालेल्याच्या सॅकमध्ये नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत खरी. पण रात्री अकराला पुण्यात नाकाबंदीवर हा युक्तिवाद करून बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. चार इंची पात्याचा भाजीचा सुरा पुठ्ठ्याच्या म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा. धार गेली तर चिनीमातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कड कामाला येते. उभं झाड किंवा ओली फांदी तोडायचं कामच नाही.

गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं कसं करायचं?

दिवसाला माणशी तीन लिटर धरा, मार्च ते मेमध्ये पाच. एप्रिलनंतर बरीच टाकी आटतात, त्यामुळे पाण्याची खात्री पायथ्याच्या गावातच करून घ्या.

आधी गाळा. जुन्या सुती साडीचं धुऊन वापरलेलं कापड चारपदरी करून त्यातून गाळलं की गाळ आणि पाण्यातले सूक्ष्म किडे अडकतात. नारूचा बंदोबस्त करताना गावोगावी हेच शिकवलं गेलं, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तुरटीने पाणी निवळतं, पण जंतू मरत नाहीत. ही गल्लत फार होते.

मग उकळा. मोठे बुडबुडे फुटायला लागल्यावर एक मिनिट पुरतं. जास्त वेळ उकळायचा सल्ला दोन हजार मीटरच्या वरच्या प्रदेशासाठी आहे आणि आपलं सगळ्यात उंच कळसूबाईही १६४६ मीटरचंच. आग पेटवता येत नसेल तर औषधाच्या दुकानातली क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, अर्धा तास थांबून.

तेही नसेल तर ऊन. रंगहीन, चरे न पडलेल्या एक-दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत गाळलेलं पाणी भरून ती लख्ख उन्हात आडवी सहा तास ठेवा. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवून वरून खाली बघा. मथळा वाचता आला तर पाणी पुरेसं स्वच्छ आहे. पावसाळ्यात हा उपाय विसरा.

जेवणाचं काय न्यावं?

पहिल्या दिवशी दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस मऊ राहतात. वाटेत गूळ-शेंगदाणे. रात्री खिचडी: माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम मूगडाळ, हळद-मीठ-जिरं आधीच मिसळून पिशवीत. पाणी तिप्पट. झाकण घालून सात-आठ मिनिटं उकळलं की पातेलं उतरवा, आधी वर्तमानपत्रात आणि मग ब्लँकेटमध्ये गच्च गुंडाळून पाऊण तास ठेवा. आतल्या आत शिजतं, सरपण निम्मं लागतं, करपत नाही. मध्ये उघडून बघितलं की संपलं.

पायथ्याला घरगुती पिठलं-भाकरी मिळत असेल तर तीच घ्या, पैसे गावात राहतात. आदल्या दिवशी फोन करून सांगा. ऐन वेळी दहा जणांनी दारात उभं राहू नये.

साप-विंचवाची भीती वाटते. ताडपत्रीखाली उघड्यावर झोपणं धोक्याचं नाही का?

धोका आहे, आणि तो घरातून आणलेल्या मच्छरदाणीनेच बराच कमी होतो. ती ताडपत्रीच्या दोरीला टांगून तिची कड चारही बाजूंनी चटईखाली खोचा. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि दंश इतका कमी दुखतो की कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. जागा पालापाचोळ्यापासून आणि दगडांच्या राशीपासून दूर निवडा. बूट तोंड बांधून ठेवा, सकाळी झटकून घाला.

साप चावला तर हात-पाय काठीला बांधून स्थिर करा, अंगठी, बांगड्या, बुटाची नाडी काढा आणि माणसाला न चालवता खाली न्या. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काही करू नका. साप पकडायला जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं. १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ते आहे का, हे वाटेतच विचारून घ्या.

लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं दिसलं तर वेळ काढू नका. यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलं आणि कोकणातल्या सरकारी दवाखान्यांत ते माहीत असतं.

आग्या माश्यांचा धोका मात्र लोक विसरतात. कड्याखाली पोळी लटकत असतील तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. उठल्याच तर तोंड झाकून पळायचं, थांबून हात हलवायचे नाहीत. काटे शक्य तितक्या लवकर खरवडून काढा.

गोचीड आणि जळवा?

जळवा किळसवाण्या, पण निरुपद्रवी. आंबोली, कोयनेकडे पावसाळ्यात मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडा. गोचीड गंभीर. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत गोचिडांतून माकडताप पसरलेला आहे, मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात. तिथे पाल्यावर बसू-झोपू नका, पँट मोज्यात खोचा आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

पहिला मुक्काम कुठे करावा?

माथ्यावर नाही, पायथ्याच्या गावात. हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई, रतनगडाखालची रतनवाडी, साम्रद अशा गावांत अंगणात किंवा रानात ताडपत्री लावायला विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पाठीने गड चढा. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे वनखात्याच्या नाक्यावर किंवा पोलिस पाटलांना विचारा. नियम गडागणिक वेगळे असतात आणि बदलतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा पहिल्या खेपेचा काळ: टाकी भरलेली, गवत उभं, थंडी सोसवेल इतकी. घरी वाट, गाव आणि परतीची वेळ लिहून ठेवा. रेंज जेमतेम असली तरी ११२ लावून बघा. ज्या कंपनीचा टॉवर जवळ असेल त्यावरून तो लागतो.

परत आल्यावर सामानाची काय काळजी घ्यायची?

ताडपत्री त्याच दिवशी उघडून वाळवा. घडीवर घडी पडू देऊ नका, नुसती गुंडाळा. प्लास्टिकचा धागा त्याच रेषेवर तुटतो. टॉर्चचे सेल काढून ठेवा. बुटांत वर्तमानपत्र कोंबा, उन्हात ठेवू नका. घोंगडी धुवायची नाही, उन्हात टाकून झटकायची आणि कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासकट ठेवायची.